जिची तिची केतकी

केतकीनं काल नवऱ्याच्या कानाखाली आवाज काढला, हे मोनिकाकाकूनं सकाळी सव्वानऊला जाहीर केलं आणि बेदाण्याच्या टेबलाभोवतीचे सोळाच्या सोळा हात थांबले.

"कधी?" समोरच्या रेश्मानं विचारलं.

"काल की. साडेसातला. त्यो कप आपटून 'साखर कुठाय' म्हणला, तशी हिनं दिली ठिवून. माझं मन असं निवलं म्हणून सांगू!"

"काकू, काल केतकी पुण्याला होती. तिच्या दुकानाचं उद्घाटन झालं. निळी साडी नेसली होती."

"कुठलं दुकान आणि कुठली साडी?"

"आणि नवरा कुठला?" छायाक्का मध्येच म्हणाली. "केतकीचा नवरा जाऊन पंधरा दिवस झाले की. ट्रकखाली आला नव्हं का?"

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. शेजारी बसलेल्या तिच्या सुनेनं, सानिकानं, मान खाली घालून बेदाण्यातल्या काड्या वेचायला घेतल्या.

तासगावच्या त्या शेडमध्ये आठ बायका रोज नऊ ते सहा बेदाणा निवडायच्या. निवडण्याचं मोठं काम आता सॉर्टर नावाचं यंत्र करायचं. पट्ट्यावरून दाणे पळत, वरचे कॅमेरे रंग बघत आणि रंग चुकला की हवेचा फटकारा दाण्याला बाजूला उडवून देई. तरीही शेवटचा हात बायकांचाच लागे. हात कामात आणि तोंड मोकळं, त्यामुळे आदल्या संध्याकाळची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरायची. 'केतकीचं घर' ही मालिका त्या टेबलावर इतकी दळली जायची की लिहिणाऱ्यानं येऊन बसावं आणि वही भरून न्यावी.

पण ती कोणी लिहीत नव्हतं, हीच तर गंमत होती. वर्षाच्या सुरुवातीला मालिकेच्या कंपनीनं घरोघरी नवे टीव्ही दिले, सोबत बारीक अक्षरांतलं एक पत्रक दिलं. पत्रक कोणी वाचलं नाही. तसली पत्रकं वाचणारी माणसं मालिका बघत नाहीत आणि मालिका बघणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो. त्यात लिहिलं होतं ते असं. या टीव्हीच्या कडेला एक कॅमेरा आहे. माणसाचं हृदय प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीत रक्त ढकलतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून तो नाडी मोजतो. डोळ्याची बाहुली कधी मोठी झाली, श्वास कुठं अडकला, हेही टिपतो. मालिका मोबाईलवर लावली तर हेच काम मोबाईलचा कॅमेरा करतो. मालिकेतली माणसं खरी नट मंडळी नव्हेतच, यंत्रानं घडवलेली आहेत. त्यामुळे पुढचा प्रसंग पाच-सात मिनिटं आधी, बघणाऱ्याच्या काळजाचा ठाव घेत घेत तयार होतो. मागच्या प्रसंगात ठोका चुकला असेल तर त्याच वाटेनं पुढे जायचं, नाहीतर वाट बदलायची. एवढं एकच काम यंत्राला नेमून दिलेलं: माणूस उठून जाता कामा नये. दोघं मिळून बघत असतील तर ज्याची नाडी जास्त उसळेल त्याच्या कलानं गोष्ट जायची.

म्हणजे केतकी जिची तिची होती.

शेवटी रेश्मानं पत्रक हुडकून वाचून दाखवलं. हे कळल्यावर आठवडाभर टेबलावर नुसता गोंधळ माजला आणि मग मोनिकाकाकूनं निकाल देऊन टाकला. शेडमधले सगळे निकाल तीच द्यायची. "म्हंजे ज्याच्या मनात जे असंल तेच टीव्हीत येतंय. सरळ हाय." त्या दिवसापासून 'काल तुझी केतकी काय करत होती?' हा प्रश्न साधा राहिला नाही. रेश्माची केतकी पुण्यात दुकान चालवते म्हटल्यावर रेश्माला तासगाव नकोसं झालंय, हे ठरून गेलं. काकूच्या नवऱ्याला कानाखालच्या प्रसंगाची खबर लागली, तेव्हापासून तो स्वतःचा डबा स्वतः घासायला लागला. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पूर्वी हात बघून भविष्य सांगणारा यायचा, आता काकू केतकी बघून मन सांगायची. आणि ते खरंही निघायचं, निदान तसं वाटायचं.

छायाक्का आणि सानिकाला मात्र कोणी फार छेडत नसे. त्यांच्या घरात केतकीचा नवरा ट्रकखाली का गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेला छायाक्काचा एकुलता एक मुलगा, सानिकाचा नवरा प्रणव, दोन वर्षांपूर्वी शिरढोणच्या फाट्यावर तसाच गेला होता. तेराव्यानंतर सानिकाचे वडील तिला जतला न्यायला आले, तेव्हा पंचवीस वर्षांची ती पोर सासूकडे बघून म्हणाली होती, "मी आत्यांजवळ राहते." का, ते तिनं सांगितलं नाही आणि छायाक्कानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघी एका डब्यात भाकरी बांधून शेडवर यायला लागल्या. घरी त्या फारशा बोलत नसत. जे काही बोलायच्या ते केतकीबद्दल. 'तिनं असं करायला नको होतं' किंवा 'बरं केलं बाईनं', एवढ्यावर त्यांचं सगळं भागायचं. प्रणवचं नाव न घेता प्रणवबद्दल बोलायची तेवढीच एक सोय होती.

फेब्रुवारीच्या शेवटी सानिकाचे वडील परत आले. चहा घेऊन, इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विषय काढला. विट्याचा एक शाळामास्तर होता. बायको बाळंतपणात गेलेली, मूल राहिलं नाही. माणूस सरळ. "पाडव्याच्या आत काय ते कळवा," ते छायाक्काला म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही, विहीणबाई. पण तिचं वय सत्तावीस आहे."

छायाक्का म्हणाली, "तिला विचारून सांगते." आणि विचारलं नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? त्या घरात सकाळी कुणाच्या भांड्यांचा आवाज ऐकून उठायचं?

त्याच संध्याकाळी साडेसातला केतकीनं कपाटावरची बॅग खाली काढली.

बॅग दिसली मात्र, छायाक्काच्या छातीत धडधडायला लागलं. केतकीनं त्यात दोन साड्या ठेवल्या आणि सासूच्या खोलीच्या दाराकडे बघत उभी राहिली. छायाक्कानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून सानिकाकडे पाहिलं. सानिका अजिबात न हलता बघत होती. दुसऱ्या दिवशी केतकीनं आणखी दोन साड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ती एसटीचं वेळापत्रक बघून आली. छायाक्कानं आपल्या परीनं शक्कल लढवली. बॅग दिसली की तोंड वाकडं करायचं आणि केतकी स्वयंपाकघरात दिसली की चांगलं दात काढून हसायचं, म्हणजे टीव्हीला समजेल की आम्हाला काय आवडतं. पण चेहऱ्याला शिकवता येतं, काळजाला कसं शिकवणार? बॅग आली की ते उडायचंच. आणि यंत्र नेमकं तेवढंच बघत होतं.

"मग अक्का, तुमच्या केतकीचं काय चाललंय?" एके सकाळी मोनिकाकाकूनं विचारलं.

"काय न्हाई बाई. पुरणपोळ्या केल्या काल तिनं."

तेवढ्यात पिण्याचं पाणी घेऊन सानिका आली. काकूनं तिलाही तोच प्रश्न टाकला.

"ताप आलाय तिला," सानिका म्हणाली. "झोपूनच होती."

सासू-सुना एकाच घरात, एकाच चटईवर बसून एकच टीव्ही बघतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकूसारख्या बाईनंसुद्धा लगेच रेश्माकडं वळून पुण्याचं विचारलं, यातच काय ते आलं. छायाक्कानं सुनेकडे पाहिलं आणि सुनेनं तिच्याकडे, आणि दोघींनी घाईनं मान फिरवली. ही खोटं का बोलली? छायाक्काच्या मनानं घेतलं की बॅग हिच्याच मनातली आहे आणि ती लपवतेय.

पाडव्याला चार दिवस उरले असताना त्याला पुरावाही मिळाला. सुट्टीचा दिवस होता. वाळत घातलेल्या मिरच्या आवरायला छायाक्का गच्चीवर गेली, तर सानिका टाकीला टेकून एकटीच मोबाईलवर मालिका बघत बसलेली. पाठमोरी होती, तिला चाहूल लागली नाही. पडद्यावर केतकी एसटीत चढत होती. खिडकीत बसली, गाडी हलली, मागं सासू हात हलवत लहान लहान होत गेली. सानिकाचा पदर डोळ्याला लागलेला होता. छायाक्का तशीच उलट्या पावली खाली आली. मिरच्या तिथंच राहिल्या.

म्हणजे दोघींच्या टीव्हीत दिसतं ते हिच्यामुळंच. एकटी असतानाही हिला तेच दिसतं. माझ्यासाठी पोरगी अडकून पडलीय आणि तोंडातून ब्र काढत नाही.

छायाक्का रात्रभर विचार करत बसणाऱ्यातली नव्हती. जेवणं झाल्यावर भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "सानिका, विट्याच्यांना होकार कळवावा म्हणते मी."

सानिकाच्या हातातला तांब्या थांबला. "तुमच्या मनात आहे तसं?"

"व्हय. किती दिवस अशी राहशील? मला मेलीला काय, मी राहीन की एकटी. सवय हाय मला." हे शेवटचं वाक्य तिनं अगदी हसत म्हटलं. तीन आठवडे टीव्हीपुढं हसायचा सराव झाला होता, तो इथं कामी आला.

सानिकानं तांब्या पुसून फळीवर ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर ठीक आहे, आत्या."

अक्षय्य तृतीयेला जतच्या देवळात लग्न झालं. छायाक्कानं सुनेची ओटी भरली आणि लोकांनी कौतुक केलं. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं मास्तरांची बहीण दोनदा म्हणाली. छायाक्का संध्याकाळच्या एसटीनं परत आली आणि कुलूप काढताना पहिल्यांदा रडली.

पुढच्या महिन्या-दीड महिन्यात टीव्ही चांगलाच गडबडला. लग्नाच्या आधीच टीव्हीतली केतकीही बॅग घेऊन निघून गेली होती. आता बॅगेची भीती राहिली नव्हती आणि छायाक्काची नाडी कशानंच हलेना. यंत्रानं केतकीला आजारी पाडलं, तिच्या घरात चोरी घडवली, तिला लॉटरीसुद्धा लावली. छायाक्का नुसती बघत बसायची. मग एका संध्याकाळी दाराची कडी वाजली, सासूनं दार उघडलं, तर बाहेर केतकी उभी. "आत्या," ती म्हणाली, "मी आले."

छायाक्का चटईवर ताठ बसली. यंत्राला हवं ते सापडलं.

तेव्हापासून रोज साडेसातला केतकी परत यायची. कधी भाजीची पिशवी घेऊन, कधी डोक्यावर ऊन घेऊन. छायाक्का सहाला शेडवरून सुटली की वाटेत कुणाशी बोलायला थांबेनाशी झाली. सानिकाचा रविवारी फोन यायचा. बऱ्या आहात का, बरी आहे, जेवलात का, जेवले. केतकीबद्दल आता दोघीही बोलत नव्हत्या, त्यामुळे बोलायला काही उरलंच नव्हतं.

श्रावणात शेडचा सॉर्टर बिघडला. दुरुस्तीला मिरजेहून तबस्सुम आली. चाळिशीची, तोंडानं फटकळ आणि कॅमेऱ्यांच्या कामात वाकबगार. यंत्र पोटातून उघडून ती बसली होती आणि टेबलावर नेहमीचा विषय चालू होता.

"रेश्मे, अजून पुण्यातच काय गं तुझी केतकी? जा की मग एकदाची," काकू म्हणाली. "मनात हाय ते टीव्हीत दिसतंयच."

"मनातलं नाही दिसत, काकू," तबस्सुम मान वर न करता म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"हा कॅमेरा आणि तुमच्या टीव्हीतला कॅमेरा एकाच जातीचे आहेत, म्हणून ठावं." ती उठली, पट्ट्यावरचे दोन पिवळे दाणे उचलले आणि एक काकूच्या आणि एक जवळ बसलेल्या छायाक्काच्या हातावर ठेवला. "खाऊन बघा."

काकूनं खाल्ला. "गोड हाय."

छायाक्काचा आंबलेला निघाला. तिनं तोंड कसंनुसं करून तो हातावर थुंकला.

"दोन्ही दाणे यंत्रानं पास केलेत. त्याला रंग दिसतो, चव कळत नाही. म्हणून तर तुम्हाला इथं बसवलंय. टीव्हीचं तसंच. काळीज उडालं एवढं त्याला दिसतं. आनंदानं उडालं की भीतीनं, त्याला काय माहीत? आणि माहीत करून घ्यायचंही नाही. घाबरलेला माणूससुद्धा उठून जात नाही. माझी आई आजारी होती तेव्हा माझ्या टीव्हीत केतकीची आई रोज मरायची. माझ्या मनात काय ते होतं?"

रेश्मा हळूच म्हणाली, "मला पुण्याची भीतीच वाटते. ह्यांची बदली होणार आहे तिकडं. मी सांगत होते तर कुणी ऐकत नव्हतं."

छायाक्का हातातल्या चोथ्याकडे बघत राहिली. आपली छाती बॅग बघून का उडायची, हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण गच्चीवर टाकीला टेकून बसलेल्या पोरीची का उडत असेल, हा विचार तिला शिवला नव्हता. पदर डोळ्याला लागला होता तो तिनं बघितला होता, तरी टीव्हीचंच खरं मानलं. पोटच्या पोरीसारखी दोन वर्षं शेजारी झोपली, तिला एक शब्द विचारला नाही. छायाक्काला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं दुपारचा डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिनं टीव्ही लावला, तो केवळ सवयीनं. केतकी यायला अजून वेळ होता. छायाक्कानं फोन उचलला.

"आत्या? आज बुधवार ना? बरं नाही का?" सानिका घाबरून म्हणाली.

"मला तू जायला नको हुतीस," छायाक्का म्हणाली. एका दमात. "ती बॅग माझ्या भीतीनं निघत हुती. गच्चीवर तुझ्या मोबाईलात केतकी जाताना दिसली, मला वाटलं तुझ्या मनात हाय."

"मी पण तुम्हाला बघितलं होतं," सानिका म्हणाली. "दारातनं. तुम्ही एकट्या बघत होता आणि केतकी चालली होती. मला वाटलं, तुम्हाला मी नकोशी झाले. प्रणव नाही, मग मी कोण तुमची. मलाही जायचं नव्हतं, आत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलला?"

दोघी आपापल्या गावात फोन कानाला लावून नुसत्या रडत राहिल्या. छायाक्काच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली. आत्ता म्हणावं, ये परत. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

"इथं पण तेच चाललंय आता," सानिका नाक पुसत म्हणाली. "आम्ही दोघं बसतो बघायला आणि केतकी रोज बॅग भरते. ह्यांना वाटतं मला तुमच्याकडं परत यायचंय. विचारत काही नाहीत. परवा म्हणाले, 'तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही.' हसून म्हणाले."

ते हसणं छायाक्काला चांगलंच ओळखीचं होतं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. प्रश्न तिच्या जिभेवर होता आणि विचारायची छाती होत नव्हती. पण एकदा न विचारून काय झालं ते समोर होतं.

"सानिका, खरं सांग. ती बॅग दिसली की तुझं काळीज उडतंय ते कशानं? यायचं हाय म्हणून, का जावं लागंल म्हणून?"

सानिकाला उत्तर माहीत होतं. ते सासूला कसं सांगावं, एवढंच अडलं होतं.

"जावं लागेल म्हणून," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "फार चांगला माणूस आहे, आत्या."

छायाक्कानं डोळे मिटले. मग घसा खाकरून म्हणाली, "कुठं हायत ते?"

"बाहेर ओट्यावर. वह्या तपासतायत."

"मग फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता जा. समोर उभी राहा आणि तोंडानं सांग. त्यो माणूस तुला सोडायचा मोठेपणा करायच्या आत सांग. माझ्यासारखा."

"आत्या, तुम्ही..."

"जा म्हणते ना!"

फोन बंद झाला. साडेसात वाजून गेले होते. टीव्हीत दाराची कडी वाजली, सासू लगबगीनं उठली, दार उघडलं आणि बाहेर केतकी उभी होती. आज तिच्या हातात बॅग होती. "आत्या," ती म्हणाली, "मी आले."

छायाक्कानं उठून टीव्ही बंद केला. भाकरीचं पीठ काढलं, एका माणसापुरतं. ते मळायला घेतलं, तसंच ठेवलं, हात धुतले. घरात कसलाही आवाज नव्हता. ती परत चटईवर येऊन बसली आणि तिनं टीव्ही लावला.

केतकी अजून दारातच उभी होती.